ओल्मान घरीच असतो

नारान्हो गावातल्या त्या चढावरच्या गल्लीत एक वाक्य दिवसातून कितीदा बोललं जायचं याला गणती नव्हती. "ओल्मान तर घरीच असतो ना!" कुणाचं गॅसचं सिलिंडर यायचं असलं की ते ओल्मानच्या दारात उतरायचं. कुणाचं पार्सल आलं की सही ओल्मानची. आनियाच्या ब्यूटी पार्लरची जादा किल्ली त्याच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकायची, टॅक्सीवाल्या ग्रेविनचा कुत्रा दुपारभर त्याच्या परसात लोळायचा, आणि पाण्याचं मीटर बघायला येणारा माणूस सगळ्या गल्लीचे निरोप त्याच्याकडेच ठेवून जायचा. गरज असली की ते वाक्य मधात घोळून यायचं. गरज संपली, ओल्मानची पाठ वळली, की त्याच वाक्यात मिरची पडायची.

ओल्मान उलाते हा तसा दांडगा गडी. पूर्वी बेकरीचा ट्रक चालवायचा, भल्या पहाटे डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पाव पोचवायचा. मनगटं जाड, आवाज ढोलासारखा, आणि पोटावर निळा ॲप्रन. तो ॲप्रन मागे बांधायला नाड्या पुरत नव्हत्या, म्हणून त्यानं जुन्या बुटाची लेस जोडून त्या लांब केल्या होत्या. त्याची बायको योर्लेनी खाली कोयोलच्या औद्योगिक वसाहतीत, दवाखान्यात लागणाऱ्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. मारिपास जन्मली तेव्हा थोरला केंडाल तीन वर्षांचा होता. नवराबायकोपैकी एकानं घरी राहायला हवं हे उघड होतं. योर्लेनीला नुकती बढती मिळाली होती आणि ओल्मानच्या पाठीनं ट्रकशी कायमचं वैर धरलं होतं. निर्णय व्हायला एक कप कॉफीसुद्धा संपावी लागली नाही.

तेव्हा गल्लीनं फार कटकट केली नाही. कडेवर लेकरू घेतलेला दांडगा बाप दिसला की बायका विरघळायच्या. पण यंदा फेब्रुवारीत मारिपास पहिलीत गेली, तिच्या अंगावर निळापांढरा युनिफॉर्म चढला, आणि लोकांची नजर फिरली. आता पोरं शाळेत जातात, मग हा दिवसभर करतो काय? आनियानं पार्लरमधल्या गिऱ्हाइकांसमोर त्याचं बारसं करून टाकलं: घरकोंबडा. ग्रेविन टॅक्सीची काच खाली करून विचारायचा, "काय लेका, झोप झाली का?" आणि विचारता विचारता कुत्र्याची साखळी त्याच्या हातात द्यायचा.

करायचा काय, ते शाळेलाच विचारायला हवं होतं. मुलं जास्त आणि वर्ग कमी, म्हणून ती शाळा दोन पाळ्यांत भरायची. कुणावर अन्याय नको म्हणून दर सोमवारी पाळ्या उलटायच्या. या आठवड्यात मारिपास सकाळी आणि केंडाल दुपारी, तर पुढच्या आठवड्यात केंडाल सकाळी आणि मारिपास दुपारी. एक पोर दप्तर फेकत आत यायचं, दुसरं दप्तर शोधत बाहेर पडायचं. जाता-येता ग्रेविनचा मुलगा आणि आनियाच्या जुळ्या मुलीही ओल्मानच्याच मागे असायच्या, कारण ओल्मान तर घरीच असतो.

आणि खरं सांगायचं तर ओल्मान मजेत होता. त्याला पहाटेची ती वेळ आवडायची, जेव्हा फडक्याच्या गाळणीतून कॉफी टपटपत असायची आणि योर्लेनी ओल्या केसांनी उभ्या-उभ्या गायो पिंतोचे, म्हणजे घेवडा घालून परतलेल्या भाताचे, चार घास खाऊन कारखान्याच्या बसकडे पळायची. त्याला परसातल्या दोरीवरचे कपडे पाऊस यायच्या आत काढण्याची शर्यत आवडायची, आणि सप्टेंबरात तर ती रोजचीच. सगळ्यात जास्त आवडायचा तो दुपारचा अर्धा तास, एकाची शाळा सुटलेली आणि दुसऱ्याची भरायची असलेली. तेवढ्या वेळात दोन्ही पोरं एका टेबलावर असायची. मक्याची कणसं आणि कच्ची केळी घातलेल्या हाडांच्या सुपाची वाफ मध्ये, आणि दोन्ही बाजूंनी बातम्या: कोण पडलं, कुणाला ओकारी झाली, कुणाच्या बाईंनी केस लाल केले. ओल्मान डाव हातात धरून ऐकत राहायचा. या सुखाबद्दल त्यानं कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. थकलोय म्हटलं असतं तर लोक हसले असते, आणि मजेत आहे म्हटलं असतं तर चिडले असते.

सासूबाई सेनेइदा, ज्यांना सगळे मानानं दोन्या म्हणत, गल्लीच्या टोकाला राहायच्या. रोज तीनला कॉफीला यायच्या, आणि दर मंगळवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी ओल्मानच्या दंडाला धरून दवाखान्यात जायच्या. त्या त्याला जावईबापू म्हणत. त्या तोंडातून तो शब्द निघाला की काहीतरी अंगावर येणार हे ओल्मानला अनुभवानं ठाऊक होतं.

"बसा, जावईबापू. बोलायचंय." पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की बाईंना आवाज चढवावा लागत होता, आणि तसाही त्यांना तो चढवायला आवडायचा. "वाल्तेरचा काउंटरवरचा माणूस सोडून गेला. पंधरा तारखेची स्वातंत्र्यदिनाची सुट्टी झाली की पुढच्या सोमवारपासून तुम्ही जायचं. मी शब्द दिलाय."

दॉन वाल्तेर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, चर्चमागच्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक.

"कुणाचा शब्द दिलात?"

"तुमचाच. माझा देऊन काय उपयोग? मी का खिळे विकायला बसणार आहे?"

"आणि पोरं?"

"पोरं आता अंगावर पितात का? शाळेत जातात ती. आणि मी कशाला आहे?"

"दोन्या सेनेइदा, त्या शाळेचं जरा उलटसुलट असतं. दर सोमवारी..."

"चार वाढवलीत मी. मला शाळा शिकवू नका." त्यांनी ब्रेडचा तुकडा कॉफीत बुडवला. "या सोमवारी एक दिवस जाऊन बघा, घर मी सांभाळते. आणि चौदाला संध्याकाळी कंदिलांच्या वेळी वाल्तेर बागेत येईल, तेव्हा त्याला हो म्हणून टाका."

"आणि नाही म्हटलं तर?"

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू खुर्चीनंच तोंड उघडलं होतं. "नाही कशाला म्हणाल? चांगले धडधाकट तर आहात. माझ्या लेकीला चारचौघांत सांगताना काय वाटत असेल, याचा कधी विचार केलाय?"

ओल्मानला राग आला नाही. सासूबाईंची बडबड तो पत्र्यावरच्या पावसासारखी ऐकून घ्यायचा. पण ते शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं. संध्याकाळी तो तांदूळ धूत असताना मारिपास येऊन ओट्याला टेकली.

"पप्पा, तुझं वर्कशॉप कुठेय?"

"कसलं वर्कशॉप?"

"तुझं. आईनं सांगितलं ना त्या बाईंना. कारखान्याची जत्रा होती तेव्हा. पांढरे बूटवाल्या बाई. त्यांनी विचारलं, तुझा नवरा काय करतो? तर आई म्हणाली, त्याचं छोटंसं वर्कशॉप आहे." मारिपासचा चेहरा पडला होता. "तू मला कधी दाखवलंच नाहीस."

नळ चालूच राहिला. पातेल्यातून तांदूळ पाण्याबरोबर वाहून बेसिनमध्ये जाऊ लागले, तेव्हा ओल्मान भानावर आला.

"दाखवीन कधीतरी," तो म्हणाला.

त्याला फार लागलं. आनियानं घरकोंबडा म्हटलं, ग्रेविननं टिंगल केली, सासूबाईंनी तासंतास सुनावलं, ते सगळं अंगावरून निथळून गेलं होतं, कारण रात्री जिच्या शेजारी आपण निजतो तिला आपली किंमत आहे असं तो धरून चालला होता. आणि तीच बाहेर जाऊन त्याच्यासाठी वर्कशॉप बांधून आली होती. योर्लेनीला सरळ विचारावं असं त्याच्या मनात दहादा आलं. पण विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर ऐकायची त्याची छाती नव्हती. त्यापेक्षा खिळे विकावेत, असं त्यानं ठरवलं.

तेवढ्यात कंदिलांचे दिवस येऊन ठेपले. चौदा सप्टेंबरला संध्याकाळी सहाला अख्खा देश असेल तिथे उभा राहून राष्ट्रगीत म्हणतो, आणि पोरं घरी केलेले कंदील घेऊन निघतात. कंदील घरच्यांनी हातानं करायचा, विकत आणायचा नाही, अशी शाळेतल्या बाईंची ताकीद असते. ताकीद पोरांना असली तरी घाम आईबापांना फुटतो. गल्लीला मात्र फुटला नाही.

"ओल्मान, तू तर घरीच असतोस," आनिया पुठ्ठ्याचं भेंडोळं घेऊन दारात उभी. "जुळ्यांना टूकन पक्षी हवेत. दोन. चोची मोठ्या कर हं."

"बैलगाडी," ग्रेविन टॅक्सीतूनच ओरडला. "चाकं फिरणारी जमली तर बघ लेका, तेवढाच तुझा वेळ जाईल."

मग समोरच्यांचा फांदीला लोंबकळणारा स्लॉथ आला, वरच्या घरातलं चर्च आलं. स्वयंपाकघरभर वेळूच्या काड्या, रंगीत जिलेटीन कागद आणि डिंकाच्या वाट्या पसरल्या. ओल्मानची जाड बोटं या कामात भलतीच हलकी होती. टूकनच्या चोचीला त्यानं आत पिवळा आणि टोकाला लाल कागद असा लावला की पाहणाऱ्यानं टाळी द्यावी. पण मारिपासला विचारलं, "तुझा कंदील कशाचा करायचा?" तर ती म्हणाली, "माझा मी करतेय. केंडाल मदत करतोय. तू बघायचं नाहीस." आणि खोलीचं दार लावून घेतलं. पोरीलाही आपला कंदील नको झाला, असं ओल्मानच्या मनानं घेतलं. दुखऱ्या पायालाच ठेच लागते, तशी गत.

सोमवार उजाडला. ओल्मान इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. निघताना त्यानं सासूबाईंना पुन्हा सांगून पाहिलं, "आज सोमवार आहे, म्हणजे पाळी..." "जा, जा," सासूबाईंनी त्याला दाराबाहेर ढकललं. "मालक वाट बघत असेल."

दुकानात ओल्मानचं बरं चाललं. कुठला खिळा कुठल्या खणात हे त्यानं अर्ध्या तासात पकडलं, आणि दॉन वाल्तेर, जो स्वभावानं भला माणूस होता, खुशीत येऊन मिशा चोळू लागला. फक्त चर्चची बाराची घंटा झाली तेव्हा ओल्मानचा हात रंगाच्या डब्यावर थबकला. आता दोघं टेबलाशी बसली असतील. कोण पडलं, कुणाच्या बाईंनी काय केलं, हे आज सासूबाईंना कळणार, आणि सासूबाई तर ऐकत नाहीत, बोलतात. गिऱ्हाइकानं दोनदा हाक मारली तेव्हा त्यानं मान वर केली.

इकडे चढावर जे घडलं ते गल्ली वर्षभर तरी विसरणार नव्हती. मागच्या आठवड्यात मारिपास सकाळी जाताना सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा त्यांनी सहाला तिला उठवलं, वेण्या इतक्या घट्ट घातल्या की पोरीच्या भुवया वर चढल्या, आणि केंडालला झोपू दिलं. वाटेत त्यांनी जोरदार हाळी देऊन जुळ्यांना आणि ग्रेविनच्या मुलालाही बाहेर काढलं. आनियाच्या हातात गिऱ्हाइकाचं डोकं होतं, ग्रेविन भाडं घेऊन गेला होता. दोन्या सेनेइदा नेतायत म्हटल्यावर बरोबरच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. काठी टेकत, पोरांची रांग मागे घेऊन, भेटेल त्याला थांबवून, "बघा, एवढंसं तर काम असतं," असं सांगत बाई शाळेच्या फाटकात पोचल्या. तिथल्या रखवालदारानं पोरांकडे पाहिलं आणि टोपी मागे सरकवली.

"दोन्या, यांची पाळी दुपारची. आज सोमवार."

वरात जशी गेली तशी परत आली. गल्लीतला एकच मुलगा त्या सकाळी वर्गात असायला हवा होता, आणि तो केंडाल पांघरुणात घोरत होता.

"तुला माहीत होतं?" संध्याकाळी ओल्माननं मारिपासला विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"आजी एवढी खुशीत होती," मारिपास म्हणाली. "आणि वाटेत तिनं आम्हाला नारळाची मिठाई घेऊन दिली. दोनदा. जाताना आणि येताना."

सासूबाईंनी अर्थातच हार मानली नाही. चूक शाळेची, असं त्यांचं म्हणणं पडलं. योर्लेनी कारखान्यातून आली, तिनं सगळं ऐकलं आणि पोट धरून हसली. मग हसू आवरून तिनं ताट पुढे ओढलं.

"तुला आवडलं का तिथे?" तिनं विचारलं.

"बरं आहे."

"मग," ती ताटातल्या भातावरून काटा फिरवत म्हणाली, "तुझी मर्जी."

एवढंच. ओल्माननं त्याचा अर्थ लावला तो हाच, की तिला हे हवंच आहे.

मंगळवारी बातमी फुटली आणि गल्लीचं धाबं दणाणलं.

"सोमवारपासून?" आनिया केसांच्या रंगानं माखलेले हातमोजे घालूनच धावत आली. "रोज? आणि माझं सिलिंडर? किल्ली? पोरी दुपारी कुणाकडे येणार?"

"तुम्ही म्हणता ना, तो घरकोंबडा आता बाहेर पडतोय," ओल्मान म्हणाला.

"अरे ते गमतीनं म्हणतात रे!"

ग्रेविननं पहिल्यांदाच टॅक्सी बंद केली आणि खाली उतरला. "हे बघ, नोकरी वाईट नाही," त्यानं ओल्मानच्या खांद्यावर हात ठेवला. "पण घाई काय आहे? पुढच्या वर्षी बघ. कुत्र्याला तुझी सवय झालीय."

त्याच सकाळी दवाखान्याच्या रांगेत खुद्द सासूबाईंनाही एकदम काहीतरी सुचलं. "पुढच्या मंगळवारी मला इथे कोण आणणार?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं. मग त्याच म्हणाल्या, "बघू. काहीतरी होईल." पण त्यानंतर घरी येईपर्यंत बाई तोंडातून अक्षर काढत नव्हत्या, आणि ही गोष्ट गुडघेदुखीपेक्षा चिंतेची होती.

याचा ओल्मानला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही, खोटं कशाला बोला. पण रात्री भांडी पुसताना त्याला वाटलं, सगळ्यांना आपण घरी हवे आहोत ते सिलिंडरसाठी. जिच्या तोंडून ऐकायचं आहे ती म्हणते, तुझी मर्जी.

चौदा तारखेला पाऊस पाचला थांबला. बाग निथळत होती, बँड सूर लावत होता, आणि चारी बाजूंनी पोरं कंदील सांभाळत, आयांच्या ओरडण्यातून वाट काढत येत होती. टूकन आले, स्लॉथ आला, बैलगाडी आली आणि तिची चाकं खरोखर फिरत होती. ग्रेविन ती सगळ्यांना दाखवत "आम्ही केली" असं सांगत होता. दॉन वाल्तेर कारंज्याजवळ सासूबाईंच्या शेजारी उभा होता. त्यानं लांबूनच ओल्मानला हात केला. ओल्माननं मान हलवली. हो म्हणायचं ते शब्द त्यानं मनात घोळवून ठेवले होते.

मारिपास आणि केंडाल मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी झाकून घेऊन आली होती. "सहाला उघडायचं," मारिपास म्हणाली. सहाला दोन मिनिटं असताना योर्लेनी बसमधून उतरून धावत आली, कारखान्याची ओळखपत्राची दोरी अजून गळ्यात, आणि ओल्मानच्या शेजारी उभी राहिली. तिचा श्वास लागला होता.

सहाचा ठोका पडला. बँड वाजला, सगळी बाग ताठ झाली. त्याच क्षणी मारिपासनं पिशवी ओढून काढली, आणि केंडालनं आतला दिवा लावला.

ते घर होतं. यांचंच, हिरव्या भिंतींचं, वाकड्या पत्र्याचं, मागे दोरीवर कागदी कपडे. खिडकीला पिवळं जिलेटीन, आणि त्यावर काळ्या कागदाची कातरलेली सावली: दांडगा माणूस, पोटावर ॲप्रन, हातात डाव. दारावर मारिपासच्या वेड्यावाकड्या अक्षरांत पाटी होती: ओल्मानचं वर्कशॉप. आणि तिच्या खाली, केंडालच्या नीटस अक्षरांत: सुट्टी नाही.

आता राष्ट्रगीत चालू असताना माणसानं हलायचं नाही, बोलायचं तर नाहीच. पाटी सगळ्यांना दिसत होती. आनिया गाता गाता खांदे हलवून हसू दाबत होती. ग्रेविननं बैलगाडीआड तोंड लपवलं होतं. दॉन वाल्तेर चष्मा वर करून वाचत होता. ओल्मान ताठ उभा होता आणि त्याचा ढोलासारखा आवाज मध्येच कुठेतरी हरवला होता. त्याला पोरीला उचलून घ्यायचं होतं, आणि राष्ट्रगीत संपता संपत नव्हतं. त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. योर्लेनी पाटीकडे बघत होती. ओठ गाण्याचे शब्द म्हणत होते, पण चेहरा कानापर्यंत लाल झाला होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तिला पुसता येत नव्हतं, कारण हात छातीवर होता.

शेवटचा सूर विरला, टाळ्या पडल्या, पोरं ओरडत सुटली, आणि योर्लेनीनं ओल्मानचा दंड धरून त्याला झाडाखाली ओढलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तांदूळ धूत होतो त्या दिवसापासून."

"आणि गप्प राहिलास! ओल्मान, मी गाढव आहे. मला तुझी लाज नव्हती वाटली. आई शप्पथ. तू घरी असतोस म्हटलं की पहिला प्रश्न, आजारी आहे का? दुसरा, पोरं शाळेत जात नाहीत का? मग तो करतो काय? दर वेळी तेच. त्या दिवशी मला कंटाळा आला, आणि तोंडातून वर्कशॉप निघून गेलं. नंतर इतकी लाज वाटली, पण ती माझी."

"मग तुझी मर्जी का म्हणालीस?"

"मग काय म्हणू? तू इस्त्रीचा शर्ट घालून गेलास. बरं आहे म्हणालास. मी घरी राहा म्हटलं असतं तर तुला कोंडून घातल्यासारखं झालं असतं." तिनं नाक बाहीला पुसलं. "संध्याकाळी बस पुलावर वळते ना, तिथून आपल्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो. दिवसभर मी चाळीस बायकांवर नजर ठेवते, मान दगड होते माझी. तो दिवा दिसला की सैल पडते. सोमवारपासून रोज त्या वळणावर मला रडू येतंय, आणि शेजारची विचारते, डोळ्यात काय गेलं?"

 ओल्माननं तिच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढली, नीट गुंडाळली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. मग दोघंही एकदम हसायला लागली. इतकी हसली की मारिपास कंदील घेऊन बघायला आली.

"आवडलं?" तिनं विचारलं. "मी केंडालला विचारलं वर्कशॉप कुठेय, तर तो म्हणाला, वेडे, स्वयंपाकघरच की!"

तेवढ्यात दॉन वाल्तेर आला, मागे काठी टेकत सासूबाई, आणि सहज आल्यासारखं दाखवत आनिया आणि ग्रेविन.

"मग काय ओल्मान? सोमवारी सातला?"

"नाही जमायचं, दॉन वाल्तेर," ओल्मान म्हणाला. त्याचा आवाज परत जागेवर आला होता, आणि तो कारंज्यापलीकडेही ऐकू गेला. "मला काम आहे."

हे तीन शब्द त्यानं सात वर्षांत कुणालाच म्हटले नव्हते. म्हटल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की पुन्हा म्हणावेसे वाटले.

"काम? कुठे?"

ओल्माननं कंदिलाकडे बोट केलं. दॉन वाल्तेरनं वाकून पाटी पुन्हा वाचली आणि मिशा चोळल्या. "सुट्टी नाही? मालक भलताच कडक दिसतो."

"मालक मी आहे," मारिपास म्हणाली.

वाल्तेर खो-खो हसला आणि त्यानं ओल्मानचा हात हातात घेऊन जोरात हलवला. आनियानं सुटकेचा असा निःश्वास टाकला की शेजारच्या कंदिलाची चोच हलली. "आणि आनिया," ओल्मान तिच्याकडे वळला, "सिलिंडर माझ्याकडेच उतरेल. पण शनिवारी माझ्या पोरीच्या वेण्या तू घालायच्या. आजीनं ओढल्यापासून तिच्या भुवया खाली आलेल्या नाहीत."

"घालते की! दर शनिवारी," आनिया म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा आता सासूबाईंवर होत्या. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, खिडकीतल्या त्या काळ्या सावलीकडे थोडा वेळ पाहिलं, आणि भावावर डाफरल्या. "माणूस कामात आहे म्हणतोय ना, वाल्तेर? मग त्याला कशाला अडवून ठेवतोस?" मग ओल्मानकडे वळल्या. "जावईबापू, मंगळवारी दवाखाना आहे. लक्षात ठेवा."

"पुढच्या आठवड्यात मारिपासची सकाळची पाळी, दोन्या सेनेइदा. आधी तिला सोडणार, मग तुम्हाला घ्यायला येणार."

बाईंनी बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं, मध्येच सोडून दिलं. पोरांची रांग कंदील घेऊन चर्चच्या बाजूनं निघाली होती, आणि त्या गर्दीत हिरवं घर पिवळ्या खिडकीसकट डुलत पुढे चाललं होतं.

"म्हणजे मग," दोन्या सेनेइदांनी आवाज खाली आणून, जावयाचा दंड धरत विचारलं, "मी किती वाजता तयार राहू?"

"साडेसातला," ओल्मान म्हणाला.